डोंगरात गुडघा उघडा का?

स्कॉटलंडची एक पूर्ण किल्ट शिवायला साधारण आठ वार लोकरी कापड लागतं. वेल्ह्याच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या आजींच्या लुगड्याला नऊ वार. एक मुलूख अटलांटिकच्या कडेचा, दुसरा सह्याद्रीच्या ऐन माथ्याचा. दोघांची गाठभेट पडण्याचं काही कारण नव्हतं. तरीही धो-धो पाऊस आणि उभे चढ वाट्याला आल्यावर दोन्हीकडच्या माणसांनी सारखाच तोडगा काढला: कमरेभोवती भरपूर कापड आणि गुडघ्याखाली काही नाही. कापड वाचवायचं म्हणून पाय उघडे ठेवले असतील म्हणावं, तर आठ-नऊ वार गुंडाळणाऱ्याला कंजूष कसं म्हणणार?

उत्तर हवं असेल तर जुलैत गुंजवण्यातून राजगडाच्या चोर दरवाजाकडे चढणारी माणसं बघावीत. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे.) शहरातून आलेल्या पोरांच्या अंगात जीन्स असते. पहिल्या सरीतच ती भिजते आणि मांडीला चिकटते. मग दर दोन-चार पावलांनी पोरगा थांबतो, गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून वर ओढतो आणि पुढचं पाऊल टाकतो. उंच पायरीवर गुडघा पोटापर्यंत येतो, तेव्हा गुडघ्यावरची कातडी ताणते. ओलं कापड तसं ताणत नाही, उलट पायाला मागे खेचतं. एका पावलाला हा विरोध काहीच नाही, पण दोन-तीन तासांच्या चढाईत त्याची वसुली होते. त्याच वाटेने गावातली एखादी बाई डोक्यावर ताकाची कळशी घेऊन सरसर वर निघून जाते. लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्या उघड्या. पाऊस तिच्याही पायांवर पडतो, पण तो ओघळून जातो. कातडी पुसली की कोरडी होते. डेनिम दुसऱ्या दिवशीही ओलीच असते.

भातलावणीच्या दिवसांत भोरच्या पश्चिमेला, हिरडस मावळात गेलात तर हेच दिसेल. पोटरीभर चिखल, पाठीवर इरलं, कमरेत वाकलेल्या बायका आणि गुडघ्याच्या वर घट्ट बसलेला काष्टा. पायजमा घालून हे काम करून बघावं, म्हणजे काष्ट्याची थोरवी कळेल.

आता किल्ट आणि काष्टा यांतला फरकही गमतीचा आहे. किल्टच्या चुण्या मागे असतात, पुढचा भाग सपाट. लुगड्याच्या निऱ्या पुढे येतात आणि काष्टा दोन पायांमधून मागे जाऊन खोचला जातो. म्हणजे किल्ट खालून मोकळी आणि लुगडं बंद. किल्टच्या आत काय घालतात, हा प्रश्न स्कॉटिश माणसाला जगभर विचारला जातो, तो आपल्याकडे उद्भवतच नाही. तोरण्याच्या कातळपायऱ्यांवर मागचा माणूस आपल्या टाचांच्या खाली असतो हे लक्षात घेतलं, तर काष्टा शोधून काढणाऱ्या अनाम बाईला मनोमन हात जोडावेसे वाटतात.

आज लग्नात किंवा बँडमध्ये दिसणारी चुण्यांची शिवलेली किल्ट ही मुळातली किल्ट नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँड्समध्ये जी दिसू लागली ती मोठी किल्ट म्हणजे निव्वळ एक लांबलचक लोकरी पासोडी होती. माग अरुंद असल्याने दोन पट्टे शेजारी-शेजारी शिवून तिची रुंदी साधायची. ती जमिनीवर पसरायची, चुण्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा आणि उठायचं, अशी नेसण्याची एक पद्धत सांगतात. पट्ट्याखालचा भाग घागऱ्यासारखा गुडघ्यापर्यंत, वरचा भाग खांद्यावर, पाऊस आला की डोक्यावर. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. तंबू, रेनकोट, स्लीपिंग बॅग आणि पँट हे चार डाग एका कापडात उरकले. कमरेखालचा भाग तेवढा वेगळा काढून केलेली छोटी किल्ट नंतरची, अठराव्या शतकातली.

हा पोशाख ब्रिटिश सरकारला इतका खुपला की स्कॉटलंडमधल्या १७४५ च्या बंडानंतर, १७४६ मध्ये कायदा करून तिथल्या पुरुषांना तो घालायला बंदी केली. फौजेतल्या पलटणींना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ मध्ये. त्यानंतर सात वर्षांनी स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावात जेम्स ग्रँट डफ जन्मला. तोच पुढे साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट झाला आणि १८२६ मध्ये त्याने मराठ्यांचा इतिहास छापला. डोंगरी मावळ्यांची गोष्ट इंग्रजीत सविस्तर लिहायला बसला तो स्कॉटिश माणूस, हा योगायोग मला फार आवडतो.

मोठ्या किल्टचा सख्खा भाऊ आपल्याकडे कोण, तर घोंगडी. तीही बेतून न शिवलेली, तीही लोकरीची आणि तीही दिवसा अंगावर, रात्री अंगाखाली. पावसात तिची खोळ करतात: घोंगडी दुमडायची, एक कोपरा डोक्यावर टोपरं होईल असा बसवायचा आणि बाकीची पाठीवर सोडायची. दोन्ही हात मोकळे, वाऱ्याकडे पाठ केली की काम झालं. नवी घोंगडी हातात घेऊन बघा. काळी, राठ, टोचरी, मेंढराचा वास असलेली. विणताना ताण्याला चिंचोक्यांची खळ दिलेली असते, त्यामुळे कापडाला कडकपणा येतो. पावसाचे पहिले थेंब तिच्यावर आत न जाता मण्यांसारखे घरंगळतात.

इथे लोकरीची खरी करामत सुरू होते. लोकरीच्या तंतूचं बाहेरचं आवरण पाण्याला दूर ठेवतं, पण आतला गाभा पाण्याची वाफ शोषून घेतो. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. इतकंच नाही, ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते आणि भिजल्यावरही ती बरीचशी टिकते. सुती कापडाचं उलट आहे. ते भिजलं की हवेची जागा पाणी घेतं आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. तोरण्याच्या बुधला माचीवरच्या वाऱ्यात भिजलेला सुती टी-शर्ट घातलेला धडधाकट तरुण कुडकुडतो आणि शेजारी खोळ घेतलेला म्हातारा निवांत तंबाखू मळतो, त्यात काटकपणाचा वाटा असेलही. बाकीचा लोकरीचा आहे.

गंमत पुढेच आहे. जिथे घोंगडीची सर्वांत जास्त गरज, तिथे मेंढरं नाहीत. भोर-वेल्ह्याच्या माथ्यावरचे धनगरवाडे गवळी धनगरांचे. त्यांच्याकडे म्हशी आणि गाई. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास करून ही वाटणी नीट मांडली आहे: अतिपावसाच्या घाटमाथ्यावर म्हशीवाले गवळी, पूर्वेच्या कोरड्या माळावर मेंढरंवाले हटकर. मुसळधार पावसात मेंढीचे खूर कुजतात, म्हशीला मात्र चिखल मानवतो. म्हणजे दख्खनी मेंढीची काळी लोकर दुष्काळी पट्ट्यात कातरायची, तिथेच विणायची आणि ती पांघरायची पावसाच्या मुलखात. स्कॉटलंडमध्ये मेंढी आणि पाऊस एकाच डोंगरावर नांदतात. आपल्याकडे त्यांची गाठ घोंगडीत पडते.

पाश्चात्त्य देशांत गेली वीस-पंचवीस वर्षं डोंगर भटकणाऱ्यांमध्ये किल्ट पुन्हा आली आहे. अमेरिकेतल्या सिॲटलची युटिलिकिल्ट्स ही कंपनी २००० सालची. तिच्या किल्टला मोठाले खिसे असतात. भटक्यांसाठीच्या हलक्या किल्ट चटकन वाळणाऱ्या कापडाच्या असतात. घालणारे सांगतात ते फायदे साधे आहेत: मांड्या घासून सोलवटत नाहीत, वारा खेळता राहतो, ओढा ओलांडताना काही दुमडावं लागत नाही आणि उघड्यावर कपडे बदलताना आडोसा शोधावा लागत नाही. हे सगळं आपल्या पंच्याला आणि लुंगीलाही लागू आहे, फक्त ती गुडघ्यापर्यंत दुमडून घट्ट खोचता आली पाहिजे.

मग भोर-वेल्ह्यात किल्ट चालेल का? पावसाळ्यात, मळलेल्या वाटेवर, चालेल. आत आखूड चड्डी मात्र हवीच. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा वारा कुणाची भीड ठेवत नाही. रानवाटेला मात्र बेत बदला. करवंदीच्या जाळ्या पोटऱ्या ओरबाडतात, गवतात गोचीड असतात आणि पाऊस सरल्यावर वेलींवर खाजकुयलीच्या शेंगा धरतात. त्यांची सोनेरी लव उघड्या पायाला लागली तर पुढचा तास फक्त खाजवण्यात जातो. तेव्हा पाय झाकलेलेच बरे. गावकरीही रानात घुसताना वाट बघून शिरतात, उगाच धाडस करत नाहीत.

हिवाळ्यात रायरेश्वराच्या पठारावर मुक्काम करणार असाल, तर किल्टपेक्षा घोंगडीच न्या. शिडी चढून वर गेल्यावर पठारावर जंगम कुटुंबांची घरं आहेत, रात्री थंडी हाडांत शिरते आणि तंबूच्या तळातून येणारा गारवा पातळ चटईला जुमानत नाही. अंगाखाली एक घोंगडी आणि अंगावर एक, इतकं पुरतं. घेताना मागावर विणलेली, दख्खनी लोकरीचीच घ्या; बाजारात गिरणीतल्या मिश्र धाग्याच्या भरपूर मिळतात. ओळखायचं सोपं आहे: गालाला लावून बघा, टोचली तर खरी.