उपग्रह रडार व्यतिकरणमिती

उपग्रह रडार व्यतिकरणमिती ही कृत्रिम उपग्रहांवरील रडारच्या साहाय्याने विस्तीर्ण प्रदेशातील भूपृष्ठाची अल्पशी हालचाल मोजण्याची पद्धत होय. ‘इन्सार’ या संक्षेपाने ती ओळखली जाते. जमिनीवर एकही उपकरण न रोवता शेकडो किलोमीटर उंचीवरून काही सेंटिमीटरचा, अनुकूल परिस्थितीत काही मिलिमीटरचाही, फरक तिच्यामुळे कळतो.

तत्त्व

उपग्रह सूक्ष्मतरंग जमिनीकडे तिरकस सोडतो व परावर्तित तरंग नोंदवतो. ढग वा अंधार यांची त्यांना अडचण होत नाही. या नोंदीत महत्त्वाची असते ती तरंगाची कला, म्हणजे आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर असताना तो परतला ती अवस्था. काही दिवसांनी उपग्रह त्याच मार्गाने पुन्हा येतो. मधल्या काळात जमीन सरकली असल्यास तरंगाच्या प्रवासाचे अंतर बदलते आणि कलाही बदलते. दोन वेळच्या कलांची वजाबाकी करून, त्यातून उपग्रहाच्या स्थानातील फरकाचा व डोंगरदऱ्यांच्या उंचसखलपणाचा परिणाम वगळला, की रंगीत पट्ट्यांचा नकाशा मिळतो. युरोपीय सेंटिनल-१ उपग्रहांच्या रडारची तरंगलांबी सुमारे ५.५ सेंमी आहे. तरंग जाऊन परत येत असल्याने रंगांचे एक पूर्ण चक्र त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २.८ सेंमी सरक दाखवते. चक्रे मोजली की सरक कळते.

२८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे झालेल्या भूकंपाचा असा नकाशा फ्रेंच शास्त्रज्ञ दिदिए मासोने व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले.

आकड्यांचा अर्थ

उत्तराखंडातील जोशीमठ हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेले आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील घरांना तडे गेले, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात कमाल सुमारे ९ सेंमी, आणि २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या अवघ्या १२ दिवसांत सुमारे ५.४ सेंमी खचण झाल्याचे त्यांत म्हटले होते. अहवाल लवकरच संकेतस्थळावरून काढण्यात आला; आकडे मात्र सर्वतोमुखी झाले. ‘गाव इतके खचले’ हा त्यांचा सरसकट अर्थ योग्य नव्हे. एका दिशेने घेतलेले मापन केवळ उपग्रहाच्या दृष्टिरेषेतील अंतराचा बदल सांगते. उतारावर जमीन खाली बसली की उतरणीकडे घसरली, हे त्यावरून वेगळे करता येत नाही. त्यासाठी निदान उत्तरेकडे व दक्षिणेकडे जाणाऱ्या अशा दोन्ही फेऱ्यांची मापने लागतात. खुद्द उत्तर-दक्षिण सरक तरीही नीट उमटत नाही. शिवाय माप सापेक्ष असते, म्हणजे स्थिर मानलेल्या एखाद्या बिंदूच्या तुलनेत. हवेतील बाष्पामुळेही खोटी सरक दिसते. म्हणून अनेक प्रतिमांची मालिका तपासणे इष्ट.

मर्यादा

शहरातील इमारती, उघडे खडक यांवर मापन उत्तम होते. सह्याद्रीतील दाट झाडीवर आखूड तरंगांची कला दर फेरीला विस्कटते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारत-अमेरिका यांच्या निसार उपग्रहातील एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंमी आहे. ते तरंग पानांतून अधिक खोल जातात. निसारही दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर येतो. हळूहळू सरकणारा उतार अशा फेऱ्यांत सापडू शकतो. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडून सुमारे दीडशे बळी घेणारी दरड मात्र काही क्षणांत कोसळली होती.