कानांनी पाहिलेला खेळ

विद्यार्थी मित्रांनो, भारताचा क्रिकेट सामना असला की तुम्ही तो दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर पाहता. पण तुमच्या आजोबांना विचारून पाहा. त्यांच्या लहानपणी जळगाव-धुळ्यात सामना ‘पाहायचा’ तो कानांनीच! मुंबईत दूरचित्रवाणी १९७२ साली सुरू झाली. खानदेशातील घरांत ती त्यानंतर आली. तोवर आधार होता तो रेडिओचा.

सुरुवातीला रेडिओवर सामन्याचे वर्णन इंग्रजीत होत असे. ज्यांना इंग्रजी येत नसे, त्यांना केवळ टाळ्यांचा गजर कळे. हा खेळ मराठीत सांगता येईल का? तो येतो, हे दाखवून देणाऱ्यांत बाळ ज. पंडित हे प्रमुख होते.

पंडित यांचा जन्म १९२९ सालचा. रणजी करंडक स्पर्धेत ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळले. त्यामुळे खेळातील बारकावे त्यांना ठाऊक होते. आकाशवाणीवरून त्यांनी मराठीत समालोचन केले आणि क्रिकेटवर मराठीत पुस्तकेही लिहिली.

समालोचकाचे काम सोपे नसते. गोलंदाज कोण, चेंडू कोठे गेला, धावा किती झाल्या, हे सारे त्याला त्याच क्षणी सांगावे लागते. शब्द शोधत तो थांबला, तर खेळ पुढे निघून जातो!

हे शब्द आले कोठून? ‘मैदान’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेच. ‘गोलंदाज’ हा शब्द फारसीतून आला. पूर्वी तोफेचा गोळा डागणाऱ्या सैनिकाला गोलंदाज म्हणत. त्याच धर्तीवर ‘फलंदाज’ तयार झाला. सहा चेंडूंचे झाले ‘षटक’. कुस्तीतला ‘चीत’ घेऊन ‘पायचीत’ बनला. असे शब्द रुजवण्यात वृत्तपत्रांचाही मोठा वाटा आहे. १९६२ साली ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला. तेथे वि. वि. करमरकर यांनी खेळांना हक्काचे पान मिळवून दिले. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो यांनाही त्यांनी मान दिला.

पंडित २०१५ साली आणि करमरकर २०२३ साली निवर्तले. त्यांनी रुळवलेली भाषा मात्र आजही मैदानावर ऐकू येते.

मित्रांनो, शाळेत सामना होईल तेव्हा तुम्हीही मराठीत समालोचन करून पाहा. एका मित्राला मैदानाकडे पाठ करून बसवा. तुमच्या शब्दांतून त्याला खेळ दिसला, तर तुम्ही जिंकलात!