नवी सायकल घेतली? आधी मागचा दिवा लावा!

नवी सायकल आली की पहिला खर्च मोबाइल होल्डरवर होतो. मीही तेच केलं होतं. पण संध्याकाळी गोंदिया-आमगाव रोडला निघून बघा. मागून ६०च्या स्पीडने येणारी बाइक सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. तुम्ही उशिरा दिसलात, तर ब्रेकला वेळच नाही. रिफ्लेक्टर उजेड पडला तरच चमकतो. लाल ब्लिंकर स्वतः चमकतो. हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलं की हा फरक कळतो. कॅरिअरवरच्या दप्तराने तो झाकला जाणार नाही, एवढं बघा.

मग पुढचा दिवा, घंटी, लॉक. लांब जायचं तर पंप आणि पंक्चर किट. होल्डर? पैसे उरले तर!

आणि हे सायकलवर ऐकताय? आधी इअरफोन काढा. घरी पोहोचून ऐका.