संगणकाचा चेसिस नंबर

मुलांनो, घरच्या मोटारसायकलचं आरसी बुक कधी नीट बघितलंय? नंबर एमएच ३२ ने सुरू झाला की गाडी आपल्या वर्धा जिल्ह्याची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यात चेसिसचाही नंबर असतो. टायर बदला, आरसा बदला, काही बिघडत नाही. चेसिसच बदलली, तर मात्र कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही!

संगणकाचंही असंच आहे बरं का. दुकानातून आणलेल्या संगणकात पुष्कळदा विंडोज आधीच घातलेली असते. तिचा परवाना त्याच संगणकाशी बांधलेला असतो. इथली चेसिस म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्याला जोडलेले असतात ती पाटी. पूर्वी परवान्याचा क्रमांक डब्यावर चिकटवलेला असे. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून तो मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवलेला येऊ लागला.

समजा, देवळीत विजेचा दाब एकदम वाढला आणि मदरबोर्ड जळाला. नवा बसवल्यावर पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी अक्षरं दिसू शकतात. घाबरू नका. हार्ड डिस्क शाबूत असेल, तर तुमचे फोटो नि गृहपाठ जागच्या जागी असतात. विंडोजला फक्त नवा बोर्ड ओळखू येत नाही.

मग करायचं काय? खरी तयारी बिघाडाच्या आधीची! आई-बाबांना सांगून संगणकात मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करा. परवाना त्या खात्याला जोडला जातो. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ साली आली आणि विंडोज ११ मध्येही आहे. बोर्ड बदलल्यावर त्याच खात्याने प्रवेश करा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये जाऊन ट्रबलशूट दाबा आणि ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ या अर्थाचा पर्याय निवडा. आधी होम आवृत्ती असेल, तर आताही होमच हवी.

एवढं करूनही जमलं नाही, तर संगणक बनवणाऱ्या कंपनीला विचारा. बिघडलेल्या बोर्डाच्या जागी कंपनीनेच तसाच बोर्ड दिला, तर परवाना कायम राहतो. म्हणून बिल जपून ठेवा. हौसेखातर वेगळाच बोर्ड बसवला, तर मात्र नवा परवाना घ्यावा लागू शकतो.

‘शंभर-दोनशेत चालू करून देतो’ असं कोणी म्हटलं, तर भुलू नका. चोरीचा क्रमांक कधीही बंद पडतो आणि सोबत व्हायरसही येऊ शकतो. त्यापेक्षा सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने बनवलेली ‘बॉस’ लिनक्स बघा. ती फुकट आहे आणि तिच्यात मराठीही चालते.

तर मग आजच संध्याकाळी बाबांना विचारा, “आपला परवाना खात्याला जोडलाय का?”