उघडं दार आणि उतरलेली बॅटरी

बोअरमधली मोटार वर काढणारी पिकअप धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याला दिसते. हौद्यात लोखंडी खांब आणि कप्पी, पाइप धरायचे पाने, केबलची भेंडोळी, इन्सुलेशन टेप आणि पेट्यांमध्ये नट-बोल्ट. जिल्हा पर्जन्यछायेतला. भूम-परांड्याकडे पाणी खोल गेलेलं, त्यामुळे जळालेली मोटार वर ओढून दुसरी सोडायची म्हणजे काही तासांची निश्चिंती. त्यात शेतीची थ्री-फेज वीज पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली की मोटार बंद पडल्याचं कळतंही रात्रीच. कारागिराला फोन जातो. तो येतो, दोन्ही दारं सताड उघडी टाकतो, आतली लाईट पेटते, हौद्यावरची एलईडी पट्टीही लागते आणि त्या उजेडात केबलचे जोड बसतात. काम आटपून सेल मारला की आवाज येतो : टक्-टक्-टक्. बॅटरी बसलेली!

गाडी कंपनीतून निघते तेव्हा आतल्या दिव्याचं काम ठरलेलं असतं : दार उघडलं की पेटायचं, माणूस बसून दार लागलं की विझायचं. दार चार तास उघडं राहील, हा हिशेब त्यात कुणी धरलेलाच नसतो. मूळ भांडण मात्र त्याहून जुनं आहे. चार्ल्स केटरिंगनं बसवलेल्या विजेच्या स्टार्टरसह कॅडिलॅकची गाडी 1912 साली बाजारात आली, तेव्हा हँडल मारण्याचे कष्ट गेले आणि इंजिन उठवणं व दिवे जाळणं ही दोन्ही कामं एकाच बॅटरीच्या गळ्यात पडली. एक काम क्षणाचं आणि दांडगं : स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर खेचतो. दुसरं हळूहळू पिणारं. गाडीच्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या पातळ ठेवतात त्या पहिल्या कामासाठी. दुसऱ्या कामानं ती वारंवार रिकामी झाली की पट्ट्यांवर सल्फेट बसतं, घट्ट होतं आणि मग चार्जिंगला लावूनही ती पूर्वीसारखी भरत नाही.

आता थोडा हिशेब, कारण बल्बला फुकट शिव्या बसतात. छताचा 10 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पाऊण अँपिअरच्या थोडा वर ओढतो. बॅटरी 70 अँपिअर-तासांची आणि धडधाकट असेल तर एवढ्या ओढीनं ती अर्धी व्हायला चाळीसेक तास लागतील. म्हणजे रात्रभर बल्ब राहिला म्हणून सकाळी गाडी उठलीच नाही, तर आधी संशय बॅटरीच्या वयावर घ्यावा. पण त्यात 24 वॅटची एलईडी पट्टी मिळवा : ओढ पावणेतीन अँपिअरच्या पुढे जाते आणि अर्धी बॅटरी साडेबारा तासांत संपते. जुन्या, निम्म्या ताकदीवर आलेल्या बॅटरीला सहाच तास. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यानं पाणी आटतं, पट्ट्या उघड्या पडतात, आणि तो सहाचा आकडाही खाली येतो. डिस्टिल्ड वॉटरची बाटली गाडीत ठेवणारे थोडे, डायनामोला दोष देणारे फार.

येडशी, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा अशा हमरस्त्यावरच्या गावांत या दुखण्याचा वैद्य म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियन. गावात त्याला सरळ वायरमन म्हणतात. चांगला वायरमन आधी दाराच्या खांबातली कळ बघतो. तिला वायर बहुधा एकच असते; दुसरं टोक म्हणजे गाडीची बॉडी. दार लागलं की कळ दबते, अर्थ तुटतो, दिवा विझतो. या कळीच्या रबरी टोपीला चीर गेली की आत धूळ, भुसा, पावसाळ्यात गंज. कळ अर्धवट अडकते आणि दार लावूनही आत दिवा जळत राहतो. दिवसा ते कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवायचा, दार लावायचं, मग उघडून बघायचं, ही युक्ती हल्ली सगळ्यांनाच माहीत आहे.

दिवा विझतो आणि तरी बॅटरी उतरते, तिथे खरं कसब लागतं. किल्ली काढलेली, दारं लावलेली (किंवा कळ चिकटपट्टीनं दाबून धरलेली), बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवलेली, आणि तिच्या व टर्मिनलच्या मधे मीटर. नव्या गाडीत काही मिनिटं थांबावं लागतं, कारण तिचा संगणक सावकाश झोपी जातो. मग काटा 50 मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला तर ठीक. वर राहिला तर एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, चोर त्या लाइनवर. मीटर असा जोडलेला असताना सेल मारायचा नाही, नाहीतर मीटरचाच फ्यूज जातो.

उपाय म्हणून बहुतेक जण बॅटरीला कट-ऑफ स्विच लावतात. स्वस्त आहे, पण तो फिरवायची आठवण माणसालाच ठेवायची, आणि ती राहत नाही म्हणून तर इथवर आलो. दुसरा उपाय रिलेचा : त्याची कॉइल इग्निशनवरून दिली की किल्ली काढताच हौद्यावरचे दिवे बंद होतात. माल उतरवणाऱ्या गाडीला हे पुरतं; बोअरवाल्याला नाही, कारण त्याला इंजिन बंद असतानाच उजेड हवा. त्याच्यासाठी टायमर-रिले बरा : बटण दाबलं की वीस मिनिटं उजेड, मग आपोआप अंधार. अंधार झाला की कारागीर वैतागतो, पुन्हा बटण दाबतो. चिडचिड झाली तरी गाडी घरी जाते. त्याहून शहाणं यंत्र म्हणजे लो-व्होल्टेज कट-ऑफ. भरलेली, आराम घेतलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. व्होल्टेज 12 च्या जवळ आलं की हे यंत्र दिव्यांची लाइन तोडतं आणि सेलपुरता करंट शिल्लक ठेवतं. नेमका आकडा बॅटरीच्या वयानुसार थोडा वर ठेवावा.

पूर्वी यातलं काही नसलं तरी भागायचं. चार माणसं ढकलायची, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की जुनं डिझेल इंजिन धडधडायचं. आताच्या कॉमन-रेल इंजिनात डिझेल कधी फवारायचं ते संगणक ठरवतो आणि त्याला बॅटरीच लागते. ती पूर्ण मेली असेल तर ढकलणाऱ्यांचा नुसता घाम जातो.

रोजच रात्री काम असेल तर सरळ दुसरी बॅटरी घ्यावी, घरच्या इन्व्हर्टरला असते तशी जाड पट्ट्यांची, ट्यूब्युलर. मधे असा रिले, जो इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि बंद होताच तोडतो. दिवे फक्त दुसरीवर. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती पुरती भरणार नाही, अधूनमधून घरच्या चार्जरला लावावी लागेल. वायर कुठलीही टाका, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ हवा, दिव्याजवळ नको. हौद्याच्या पत्र्यावर घासून वायर मधेच सोलली तर टर्मिनल ते फ्यूज एवढ्या तुकड्याला वाचवणारं कुणी नसतं, आणि मग उतरलेल्या बॅटरीऐवजी जळालेल्या वायरिंगचं बिल द्यावं लागतं.