कोयासान : मुक्काम मठात, पहाट होमाची

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून सुटलेली नानकाई रेल्वे शहर मागे टाकते आणि डोंगरांतून वळणे घेत गोकुराकुबाशीला थांबते. शेवटचा खडा चढ केबल कारचा, जेमतेम पाच मिनिटांचा. वर पोहोचल्यावर बसच घ्यावी लागते, कारण गावात शिरणाऱ्या त्या रस्त्यावर पायी चालायला मनाई आहे.

वाकायामा प्रांतातले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. चीनमध्ये गूढ बौद्ध साधना आणि संस्कृत शिकून ८०६ मध्ये परतलेल्या कूकाई या भिक्षूला ८१६ मध्ये सम्राट सागाने ही जागा दिली. कूकाईने इथे शिंगोन पंथाचे पीठ उभारले. आज गावात शंभराहून अधिक मंदिरे आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मठांत प्रवाशांना उतरता येते. या मुक्कामाला ‘शुकुबो’ म्हणतात. जपानी परंपरा जवळून पाहायची असेल, तर क्योतोतल्या गर्दीपेक्षा इथली एक रात्र अधिक देऊन जाते. कारण इथे पाहुण्यासाठी वेगळा कार्यक्रम आखलेला नसतो, मठाच्या रोजच्या दिनक्रमात त्याला सामावून घेतले जाते.

संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायचे. बूट दाराशी, सपाता तातामीच्या चटईबाहेर. सहाच्या सुमारास लाखेच्या बुटक्या चौरंगांवर जेवण येते : शोजिन र्‍योरी. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाची पंचाईत होते. इथे तो अर्क समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या शिताके अळंबीचा. तिळाचे मऊसूत गोमादोफू आणि गोठवून वाळवलेले, रस शोषून घेणारे कोयादोफू ही या डोंगराची खासियत.

पहाटेच्या प्रार्थनेनंतर काही मठांत ‘गोमा’ होतो. हा होमच : समिधा, ज्वाळा, मंत्र आणि ढोलाचा ठेका. भारतातून चीनमार्गे आलेला हा विधी इथे बाराशे वर्षे चालू आहे.

खरा वेळ द्यायला हवा तो ओकुनोइनला. इचिनोहाशी पुलापासून दोन किलोमीटरची वाट, दुतर्फा शेकडो वर्षांचे उंच सीडर आणि त्यांच्या सावलीत दोन लाखांहून अधिक थडगी व स्मारके. बरीचशी पाच थरांची आहेत : चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, अर्धचंद्र आणि वर रत्नाचा आकार, म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम लिपीत अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे कोरलेली असतात. शेवाळलेल्या दगडावर ‘अ’ शोधताना मराठी वाचकाला फार परके वाटत नाही. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन इथे शेजारी आहेत. कोयासानवर ज्याने सैन्य धाडले, त्या ओदा नोबुनागाचेही स्मारक आहे. कीटकनाशक उद्योगाने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेला दगडही आहे.

गोब्योबाशी पुलापलीकडे टोपी काढायची, कॅमेरा बंद ठेवायचा. ८३५ मध्ये कूकाई वारला नाही, तिथे समाधीत बसला, अशी इथली श्रद्धा आहे. आळंदी ठाऊक असलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. रोज सकाळी सहा आणि साडेदहा वाजता भिक्षू लाकडी पेटीतून त्याचे जेवण घेऊन जातात. आधी ते वाटेवरच्या ‘चव पाहणाऱ्या’ जिझो बोधिसत्त्वापुढे ठेवतात, मग पूल ओलांडतात. साडेदहाची वेळ गाठणे सहज जमते.

या पावित्र्याची किंमत बायकांनी मोजली. १८७२ मध्ये सरकारने बंदी उठवेपर्यंत त्यांना आत प्रवेश नव्हता. वेशीवरच्या सात न्योनिनदोंमध्ये, म्हणजे स्त्रियांसाठीच्या प्रार्थनागृहांत, त्या थांबत आणि डोंगरधारेवरून पीठाला वळसा घालत. सातांपैकी एकच उरले आहे. बस त्याच्या दारावरून जाते, बहुतेक प्रवासी उतरत नाहीत. उतरावे. तिथून वर चढणारी ती जुनी वाट अजून चालण्याजोगी आहे.