निचरा नसलेल्या पाण्यातील नायट्रेट

प्रवाळ आणि समुद्री मासे पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत उरलेले खाद्य व माशांची विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि पाण्याची वाफ झाली तरी हे नायट्रेट मागेच साचत जाते. त्यामुळे अशी टाकी सांभाळणारे खाद्य बेताने घालतात, ठरावीक काळाने थोडे पाणी बदलतात आणि नायट्रेट शोषून वाढलेले शेवाळ काढून टाकतात.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात हीच रासायनिक घडामोड फार मोठ्या प्रमाणावर, पण वेगळ्या वळणाने चालते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात ‘धार’ नावाच्या झऱ्याचे गोडे पाणी आणि पावसाचे ओहोळ उतरतात. मात्र पृष्ठभागावरून बाहेर वाहून जाण्यास वाट नसल्याने पाणी मुख्यतः बाष्पीभवनानेच कमी होते, आणि क्षार साचून सरोवर खारे व तीव्र अल्कधर्मी बनले आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पाणी घटून खारेपणा वाढल्याने फोफावलेले लवणप्रिय सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, येथे १० च्या आसपास असतो. सामू सुमारे ९.२५ च्या वर गेला की विरघळलेल्या अमोनियमचा निम्म्याहून अधिक भाग माशांना घातक अशा मुक्त अमोनियाच्या रूपात येतो आणि त्यातील काही हवेत उडून जातो. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात काही जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून नायट्रोजन वायू सोडतात, या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. शिवाय पाणी हिरवे करणारे स्पिरुलिनासारखे नीलहरित सूक्ष्मजीवही नायट्रेट शोषून घेतात, पण ते मरून कुजले की त्यांच्यातील नायट्रोजन पुन्हा पाण्यात येतो.

म्हणूनच सरोवराच्या मध्यावरचा नायट्रेटचा आकडा कमी आला, तरी तेवढ्यावरून प्रदूषण कमी आहे असे मानता येत नाही. खरी मोजणी धारेच्या मुखाशी आणि ओढ्यांच्या काठी व्हायला हवी, आणि तेथे पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ताडून पाहता येते. लोणार गावातील सांडपाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला होता, आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. टाकीतले पाणी बदलता येते, सरोवराचे येत नाही. त्यामुळे सांडपाणी आणि शेतातील खतांचे अंश विवराच्या काठाबाहेरच अडवणे, हाच येथील नायट्रेट-नियंत्रणाचा व्यवहार्य मार्ग उरतो.